वाचणे, आवडणे आणि सांगणे : मराठवाड्यातील वाचनव्यवहाराची एक बाजू

एका वाचकाने नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाविषयी दुसऱ्या वाचकाला सांगावे, ह्या व्यवहाराची दखल मराठी समीक्षेने फारशी घेतलेली नाही. ग्रंथपरीक्षण, प्रस्तावना, प्रबंध हे लेखनप्रकार समीक्षेच्या कक्षेत येतात. पण वाचनालयाच्या ओट्यावर किंवा महाविद्यालयाच्या अध्यापककक्षात एखादा मनुष्य आपल्या आवडत्या लेखकाविषयी जे बोलतो, ते वेळ घालविण्याचे साधन समजले जाते. संस्कृत काव्यशास्त्राने मात्र ह्या बाबतीत अधिक समंजसपणा दाखविला होता. आनंदवर्धन आणि अभिनवगुप्त ह्यांनी 'सहृदय' ही संकल्पना काव्यविचाराच्या मध्यभागी ठेवली आणि भवभूतीने आपल्या 'समानधर्म्या'ची वाट पाहण्याची तयारी दाखविली. वाचणारा आणि त्याच्यासारखाच दुसरा वाचणारा ह्यांच्यावाचून वाङ्मयाचे अस्तित्व पुरे होत नाही, हा ह्या दोन्ही भूमिकांचा आशय आहे. तो मान्य केल्यास दोन वाचकांमधील बोलण्याला समीक्षेच्या बाहेर ठेवणे अवघड होते. हे बोलणे समीक्षा केव्हा होते आणि केव्हा होत नाही, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. आणि त्यासाठी उदाहरणे मुख्यतः मराठवाड्यातील घ्यावयाची आहेत.

प्रथम ह्या बोलण्याच्या भाषेकडे पाहणे इष्ट ठरेल. वाचलेल्या पुस्तकाविषयी सांगताना मराठी भाषक साधारणतः तीन प्रकारची वाक्ये वापरतो. 'मला हे पुस्तक आवडले' हे पहिले, 'हे पुस्तक चांगले आहे' हे दुसरे आणि 'तुम्ही हे पुस्तक वाचा' हे तिसरे. व्यवहारात ही तिन्ही वाक्ये एका दमात बोलली जातात आणि त्यांचा अर्थ जवळपास एकच आहे असे मानले जाते. व्याकरणदृष्ट्या मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. 'त्याने पुस्तक वाचले' ह्या वाक्यात वाचणारा तृतीयेत आहे. क्रिया त्याची आहे आणि ती त्याने बुद्धिपुरस्सर केली आहे. 'त्याला पुस्तक आवडले' ह्या वाक्यात तोच मनुष्य चतुर्थीत जातो. आता तो काही करीत नाही. त्याला काहीतरी होते. भूक लागणे, थंडी वाजणे, आठवण येणे ह्या अनुभवांच्या रांगेत मराठी भाषेने आवडण्याला बसविले आहे. म्हणूनच 'हे पुस्तक वाच' अशी आज्ञा करता येते, परंतु 'हे पुस्तक आवड' असे म्हणता येत नाही. फार तर 'हे पुस्तक तुला आवडो' अशी इच्छा व्यक्त करता येते. शिफारस करणाऱ्याच्या अधिकाराची मर्यादा भाषेनेच येथे आखून दिली आहे. तो दुसऱ्याला वाचावयास सांगू शकतो. आवडून घ्यावयास सांगू शकत नाही.

मधले वाक्य सर्वांत अवघड होय. 'हे पुस्तक चांगले आहे' ह्या विधानात बोलणारा दिसेनासा होतो आणि गुण पुस्तकाच्या ठिकाणी असल्याचे सांगितले जाते. अशा विधानावर ऐकणारा 'कशावरून?' असे विचारू शकतो. 'मला आवडले' ह्यावर तसा प्रश्न विचारता येत नाही. विचारला तर तो उद्धटपणा ठरतो. वाचनगप्पा समीक्षेच्या पदवीला पोहोचतात त्या ह्या मधल्या वाक्यामुळे. पहिल्या वाक्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारणारा केवळ आपल्या आवडीचा प्रचार करतो. पहिल्याकडून दुसऱ्याकडे कारणे देत जाणारा आणि मग तिसरे वाक्य उच्चारणारा वाचक मात्र समीक्षक असतो. मग त्याने एक ओळही छापलेली नसो.

हा भेद मराठवाड्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण तेथे 'सांगणे' ही दीर्घकाळ हौसेपेक्षा गरजेची गोष्ट होती. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि सरकारदरबारची भाषाही तीच होती. मराठी ग्रंथ पुण्या-मुंबईस छापले जात व तेथून संस्थानात येत. सार्वजनिक सभांवर 'गश्ती निशाण ५३' ह्या कुप्रसिद्ध आदेशाचे बंधन होते. अशा परिस्थितीत ग्रंथालय स्थापन करणे, गणेशोत्सवात व्याख्यान देणे, मराठी शाळा चालविणे ह्या कामांना आपोआपच राजकीय अर्थ प्राप्त झाला. ज्या गावात एका पुस्तकाची एकच प्रत येते, तेथे ती प्रत ज्याच्या हाती पडते त्याच्यावर ते पुस्तक इतरांना सांगण्याची जबाबदारीही पडते. ज्यांच्यापर्यंत ग्रंथ जात नाही त्यांच्यापर्यंत त्याची वार्ता जाते. मराठवाड्यातील वाङ्मयीन वक्तृत्वाच्या परंपरेचा उगम शोधताना ह्या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पुढे १९५५ चा हैदराबाद सार्वजनिक ग्रंथालय कायदा, १९५८ साली तत्कालीन औरंगाबाद येथे स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ आणि १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा ह्यांमुळे ग्रंथांची टंचाई हळूहळू कमी झाली; परंतु तोवर बोलण्याची घडण पक्की झालेली होती.

उर्दूच्या वर्चस्वाचा एक परिणाम असाही झाला की, ह्या प्रदेशातील सुशिक्षित मराठी माणूस दोन वाङ्मयांत वावरू लागला. निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे त्याचे ठळक उदाहरण. हैदराबाद संस्थानच्या सेवेत राहिलेला आणि इतिहाससंशोधक म्हणून पुढे मान्यता पावलेला हा विद्वान मराठी वाचकाला मिर्झा गालिबच्या उर्दू गझलांविषयी सांगावयास बसतो, तेव्हा वाचनसंवादाचे एक वेगळे रूप प्रकट होते. येथे ऐकणाऱ्याला मूळ पुस्तक वाचावयास सांगून भागत नाही, कारण लिपी आणि भाषा ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या मार्गात आडव्या येतात. सांगणाऱ्याला शब्दाचा अर्थ, त्यामागील संकेत आणि त्या संकेतामागील समाज इतके सगळे बरोबर न्यावे लागते. ज्या भाषेच्या सक्तीने मराठीची कोंडी केली, त्याच भाषेतील उत्तम काव्य मराठी वाचकापर्यंत आणून पोहोचविण्यात एक मनाचा मोठेपणा आहे. राजवटीविषयीचा रोष आणि काव्याविषयीची आवड ह्यांची गल्लत न करणे ही समीक्षेची पहिली अट होय, आणि ती येथे पाळली गेलेली दिसते.

तथापि कारणे देत सांगण्याची ही रीत मराठवाड्यात ज्यांच्या ठिकाणी पूर्णत्वाला गेली ते नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) होत. त्यांचे शिक्षण हैदराबादेस मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर ह्यांच्या छायेत झाले. नांदापूरकर हे स्वतः मुक्तेश्वर आणि मोरोपंत ह्यांच्या महाभारतांचे अभ्यासक. तेव्हा ग्रंथावर वाद घालणे ही त्या घरातली नित्याची गोष्ट असल्यास नवल नाही. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक, नंतर पीपल्स महाविद्यालयात अध्यापक आणि प्राचार्य अशा क्रमाने त्यांचे आयुष्य बहुतांशी ह्या एकाच गावात गेले. 'रूपवेध', 'मागोवा', 'जागर', 'शिवरात्र', 'धार आणि काठ', 'पायवाट' ह्या त्यांच्या ग्रंथांची नुसती नावे पाहिली, तरी सौंदर्यशास्त्रापासून राजकारणापर्यंत आणि कादंबरीपासून धर्मग्रंथांपर्यंत त्यांचे वाचन किती पसरलेले होते ह्याची कल्पना येते. त्यांचे पुष्कळसे लेखन व्याख्यान, प्रस्तावना किंवा परीक्षण ह्या निमित्ताने झालेले आहे. म्हणजे समोर कोणीतरी ऐकणारा आहे ही जाणीव त्या लेखनाच्या मुळाशीच आहे.

त्यांच्या वाक्यरचनेतही ही जाणीव उतरली आहे. कुरुंदकरांचे वाक्य बहुधा लहान असते. एक विधान केले जाते, त्याच्यावर श्रोत्याच्या मनात येऊ शकेल असा आक्षेप लगेच मांडला जातो, आक्षेपातील खरा भाग मान्य केला जातो आणि मग विचार एक पायरी पुढे सरकतो. पारिभाषिक संज्ञांचा आधार त्यांनी गरजेपुरता घेतला. ही रीत वर्गात शिकविणाऱ्याची आहे, तशीच मित्राशी बोलणाऱ्याचीही आहे. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला उठून जाण्याची किंवा प्रतिप्रश्न करण्याची मोकळीक असते, आणि म्हणून बोलणाऱ्याला प्रत्येक पायरीवर त्याची संमती मिळवीत जावे लागते.

ह्या दृष्टीने 'श्रीमान योगी' ह्या कादंबरीच्या आरंभी असलेले त्यांचे पत्र हा मराठीतील वाचनसंवादाचा एक असामान्य पुरावा होय. रणजित देसाई ह्यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ साली प्रसिद्ध झाली होती आणि तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला होता. 'श्रीमान योगी' १९६८ साली आली. कुरुंदकरांनी शिवचरित्राविषयी देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र तिला प्रस्तावना म्हणून जोडले गेले. लोकप्रियतेच्या शिखरावर असलेल्या कादंबरीकाराला नांदेडचा एक अध्यापक पत्र लिहितो आणि तो कादंबरीकार ते आपल्या ग्रंथाच्या दारातच लावतो, ह्या घटनेत दोघांचाही मोठेपणा आहे.

त्या पत्राचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. त्यात कौतुकाला फारसा वाव दिलेला नाही. शिवाजी महाराजांच्या चरित्रातील अफझलखान, शाइस्ताखान, आग्र्याहून सुटका ह्या नाट्यमय प्रसंगांनी वाचकाचे आणि लेखकाचे डोळे दिपून जातात. परंतु महाराजांचे खरे मोठेपण नवे राज्य निर्माण करण्यात, त्याची व्यवस्था लावण्यात आणि ते राज्य आपले आहे अशी भावना सामान्य माणसांत रुजविण्यात आहे, असा कुरुंदकरांचा मुद्दा आहे. १६८० साली महाराज गेले. त्यानंतर औरंगजेब दक्षिणेत उतरला आणि १७०७ साली मरेपर्यंत झुंजत राहिला, तरी ते राज्य त्याला पुसून टाकता आले नाही. संस्थापकाच्या पश्चात टिकून राहिलेला हा प्रतिकार हीच त्याच्या कर्तृत्वाची कसोटी, ही दृष्टी त्या पत्राने मराठी वाचकापुढे ठेवली. ज्या लेखकाविषयी आस्था आहे त्याच्यासमोर त्याच्या विषयाची अवघड बाजू उभी करणे, हा येथे आस्थेचाच प्रकार आहे. आवडत्या लेखकाला वाचकाने काय द्यावे ह्या प्रश्नाचे ह्याहून चांगले उत्तर मराठीत क्वचितच सापडेल.

कुरुंदकरांच्या ह्या रीतीला दोषाची बाजू नाही असे मात्र नव्हे. पहिला दोष असा की, सांगणारा इतका समर्थ असतो की सांगितलेलेच पुरेसे वाटू लागते. 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना वाचून कादंबरी पुढे न वाचणारा वाचक संभवतो. आणि ती वाचलीच तर तिच्यात प्रस्तावनेतले शिवाजी महाराज शोधणारा, देसाईंनी रंगविलेले न पाहणारा वाचक तर सहज संभवतो. दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. हे पत्र इतिहासाविषयी बोलते. कादंबरी ह्या कलाकृतीच्या घटनेविषयी, तिच्या निवेदनाविषयी, भाषेविषयी त्यात तुलनेने कमी आहे. एरव्ही 'धार आणि काठ'मध्ये मराठी कादंबरीचा कलादृष्ट्या सविस्तर विचार करणाऱ्या समीक्षकाने येथे विषयाला कलाकृतीपेक्षा अधिक जागा दिली आहे. विषय महाराष्ट्राच्या इतक्या जिव्हाळ्याचा असताना हे घडणे स्वाभाविक होते. परंतु स्वाभाविक असणे आणि निर्दोष असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पत्रातील युक्तिवाद पटला म्हणून कादंबरी चांगली ठरत नाही, आणि कादंबरी भावली म्हणून पत्रातील इतिहासदृष्टी सिद्ध होत नाही. वाचकांच्या बोलण्यात ह्या दोन गोष्टी आजही सर्रास एक केल्या जातात.

मराठीत वाचन सांगण्याच्या आणखी दोन रीती प्रतिष्ठा पावल्या आहेत. त्यांच्याशी तुलना केल्यास नांदेडच्या रीतीचे स्वरूप अधिक स्पष्ट होईल. गोविंद तळवलकर (१९२५-२०१७) हे १९६८ ते १९९६ ह्या काळात 'महाराष्ट्र टाइम्स'चे संपादक होते. त्यांचे 'वाचता वाचता' हे लेखन मुख्यतः इंग्रजी ग्रंथांविषयीचे आहे. इतिहास, चरित्र, राजकारण ह्या विषयांवरचा एखादा नवा ग्रंथ घ्यावा, त्यातील आशय नेटकेपणाने सांगावा, पूर्वीच्या ग्रंथांशी त्याचे नाते दाखवावे आणि थांबावे, अशी त्यांची पद्धत. येथे तीन वाक्यांपैकी मधलेच वाक्य ठळक आहे. 'मला' हा शब्द जवळजवळ ऐकू येत नाही, आणि 'तुम्ही वाचा' हे न बोलता सुचविले जाते. ज्या वाचकाला तो इंग्रजी ग्रंथ कधीच मिळणार नाही, त्याला जगाची खबर ह्या लेखांतून मिळते. ह्या अर्थाने पगडींचे काम आणि तळवलकरांचे काम एका जातीचे आहे.

सतीश काळसेकर (१९४३-२०२१) ह्यांची रीत नेमकी उलट. लघुनियतकालिकांच्या चळवळीतून आलेल्या ह्या कवीने 'वाचणाऱ्याची रोजनिशी' ह्या पुस्तकात आपल्या वाचनाची नोंद ठेवली. त्याला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. येथे पुस्तक एकटे येत नाही. ते कोठे मिळाले, कोणी दिले, कोणत्या मित्राची आठवण त्याबरोबर आली, हे सारे बरोबर येते. पहिले वाक्य, म्हणजे 'मला आवडले' हे, येथे केंद्रस्थानी आहे. काळसेकर आपल्या आवडीचे रूपांतर नियमात करीत नाहीत, आणि हा त्यांचा प्रामाणिकपणा आहे. मात्र कारणांची मागणी करणाऱ्या वाचकाला तेथे अनेकदा रिकाम्या हाती परतावे लागते. तळवलकर ग्रंथ सांगतात, काळसेकर वाचणारा सांगतात. कुरुंदकर ग्रंथाविषयी वाद मांडतात. एखाद्या वाङ्मयीन समाजाला ह्या तिहींची गरज असते. ज्ञानाचा प्रसार, आवडीची कबुली आणि कारणांची झडती ह्यांपैकी एकाच्या अभावी दुसरी दोन विकृत होतात.

आवडत्या लेखकाचा प्रश्न मराठवाड्यात आणखी एका कारणाने नाजूक बनतो. परभणीचे बी. रघुनाथ (१९१३-१९५३) हे निजामी राजवटीच्या काळात लिहिणारे कवी आणि कथा-कादंबरीकार. अवघ्या चाळिसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. 'आडगावचे चौधरी' ही त्यांची कादंबरी ह्या प्रदेशातील वाचकाला जवळची वाटते, आणि पुण्या-मुंबईच्या समीक्षेने बी. रघुनाथांना द्यावयास हवे होते तेवढे स्थान दिले नाही, ही भावना येथे पिढ्यानपिढ्या व्यक्त होत आली आहे. ती निराधार आहे असे म्हणवत नाही. पण तक्रार म्हणजे समीक्षा नव्हे. 'ते आमचे आहेत' हे वाक्य वर सांगितलेल्या तिन्ही वाक्यांत बसत नाही. ते आवडीचेही नाही, मूल्याचेही नाही. ते नात्याचे वाक्य आहे. नात्याने पुतळा उभा राहतो, स्मृतिदिन साजरा होतो. लेखक वाचला जातो तो कारणांनी. बी. रघुनाथांच्या गद्यात दरबारी उर्दूची आणि खेड्यातील मराठीची जी सरमिसळ आढळते, तिचे वाक्यागणिक विश्लेषण करून दाखविणारा एक विद्यार्थी त्यांच्यासाठी जे करील, ते शंभर गौरवपर भाषणे करू शकणार नाहीत. प्रादेशिक अभिमानाने दिलेली शिफारस प्रदेशाच्या सीमेवर थांबते. कारणासह दिलेली शिफारस पुढे जाते.

आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे. १९९४ पासून नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. १९८५ साली नांदेडला आणि २०२२ साली लातूर जिल्ह्यातील उदगीरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. पहिल्याचे अध्यक्ष शंकर पाटील होते, दुसऱ्याचे भारत सासणे. प्रतींची टंचाई राहिलेली नाही. परंतु पुस्तक सहज मिळू लागले म्हणजे त्याविषयीचे बोलणेही वाढते असे नाही. कित्येकदा उलट घडते. जे प्रत्येकाला केव्हाही मिळू शकते, ते दुसऱ्याला सांगण्याची निकड कोणालाच वाटत नाही. पदव्युत्तर वर्गात नेमलेली पुस्तके वाचली जातात, प्रबंधासाठी आधारग्रंथ चाळले जातात. पण 'सध्या काय वाचता?' ह्या साध्या प्रश्नाला अभ्यासक्रमाबाहेरचे उत्तर क्वचित मिळते. आणि मिळाले तरी ते बहुधा पहिल्या किंवा तिसऱ्या वाक्यात असते. 'खूप आवडले' आणि 'जरूर वाचा' ह्यांच्यामध्ये जी जागा आहे ती रिकामी राहते. ह्या रिकामेपणाचा परिणाम प्रबंधांवरही होतो. ज्याने मित्रासमोर कारणे देण्याचा सराव केलेला नाही, तो प्रबंधात कारणांच्या जागी अवतरणे भरतो.

म्हणून वाचनसंवादाचा अभ्यास आणि वाचनसंवादाचा सराव अशी दोन्ही कामे भाषाविभागांनी हाती घेण्यासारखी आहेत. अभ्यासाच्या बाजूने पाहता, मराठवाड्यातील जुन्या वाचकांकडून कोणते पुस्तक कोणी सांगितले, ते कोणापासून कोणाकडे गेले, ह्याची मौखिक साधने गोळा करणे अजूनही शक्य आहे. अशा साधनांवरून अभिरुचीचा जो इतिहास लिहिता येईल, तो प्रकाशनांच्या सूचींवरून लिहिता येणार नाही, कारण सूचीत पुस्तक छापल्याची नोंद असते, वाचल्याची नसते. ही साधने वाचकांच्या स्मरणात आहेत, आणि ते वाचक आता वृद्ध झाले आहेत. तेव्हा ह्या कामाला विलंब परवडणारा नाही. सरावाच्या बाजूने पाहता, तीन वाक्यांचा भेद पाळणे एवढीच शिस्त पुरेशी आहे. आवडले असेल तर आवडले म्हणावे आणि ते आपल्यापुरते आहे हे ओळखावे. चांगले आहे असे म्हणावयाचे असेल तर 'कशावरून?' ह्या प्रश्नाला तयार असावे. आणि दुसऱ्याला वाचावयास सांगताना त्याला ते न आवडण्याची मुभा अगोदरच देऊन ठेवावी. नांदेडच्या एका अध्यापकाने एका कादंबरीकाराला पत्र लिहिताना ह्याहून वेगळे काही केलेले नव्हते.